चिंचेखालचं टेबल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढे हात जोडून उभी राहिले तेव्हासुद्धा नाही — तिथंही मी दुसरंच काहीतरी पुटपुटत राहिले. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा रिटायर झालेल्या बाईच्या दुपारी फार लांब असतात, म्हणूनही असेल.

आधी थोडं इकडचं तिकडचं सांगते. मला थेट मुद्द्यावर येता येत नाही. उभी नोकरी एचआरमध्ये गेली ना — तिथं नाही म्हणायचं असेल तर आधी चहा विचारतात.

संत तुकाराम नगरच्या कोपऱ्यावर सकाळी सव्वासहाला कंपनीची बस यायची. डावीकडची तिसरी खिडकी माझी. नाशिक फाटा, भोसरी, मोशी, चाकण आणि मग आत वळून महाळुंगे. बावीस वर्षं मी त्या काचेला डोकं टेकून अर्धवट झोपेत कामाला गेले आणि अर्धवट झोपेत घरी आले. मोशीच्या पुलावर इंद्रायणीचं धुकं लागायचं. चाकण आलं हे मिटल्या डोळ्यांनीही कळायचं — कांद्याचा वास यायचा. त्या झोपेत पाहिलेलं, ऐकलेलं आणि नुसतं वाटलेलं असं काही एकमेकांत मिसळलंय की काही गोष्टी कंपनीत घडल्या की बसमध्ये, हे मला आज शपथेवर सांगता यायचं नाही. पण जे सांगायला बसलेय ते घडलंय. ते मी केलंय — टक्क जागी असताना, दुपारी साडेबाराच्या सुमारास.

आमच्याकडे गाड्यांचे सुटे भाग बनायचे. मी टाइम ऑफिसात होते. हजेरी, रजा, आणि कॉन्ट्रॅक्टवर घ्यायच्या मुलांचे अर्ज माझ्याकडे. टेबल खिडकीपाशी होतं. बाहेर सिमेंटचं आवार, त्यापलीकडे ट्रक, त्यापलीकडे भिंत. झाड औषधालाही नाही.

सुमनताई आमच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायच्या. ठेकेदाराची माणसं सगळी, त्यातल्याच त्या एक. कंपनीच्या भिंतीला लागून जे गाव आहे, तिथल्या. पहिल्यांदा ऑफिसात आल्या त्या बँकेचा फॉर्म भरून घ्यायला, आणि फॉर्म राहिला बाजूला — त्या छताकडेच बघत राहिल्या. मला वाटलं पंख्याकडे बघतायत. मग म्हणाल्या, “मॅडम, तुमची खुर्ची हाय ना, बरोब्बर तितं आमची चिंच व्हती. माझ्या सोमनाथची झोळी मी तिलाच बांधायची.”

त्यांचं रान कंपनीत गेलं होतं. त्या बदल्यात जे आलं त्यातून त्यांनी गावात दहा खोल्या बांधून भाड्यानं दिल्या. भाडेकरू सगळे लातूर-नांदेडकडचे, आसपासच्या कंपन्यांत कामाला. यात रडण्यासारखं काही आहे असं सुमनताईंनी कधी म्हटलं नाही. त्या एवढंच सांगून गेल्या की तिथं चिंच होती.

पण त्या दिवसापासून ती चिंच माझ्या डोक्यात शिरली. जेवणानंतर डोळे जड व्हायचे, एसी घुमत असायचा, आणि हजेरीच्या कागदांवर बारीक बारीक पानं पडताहेत असं वाटायचं. मी खरोखर हातानं ती झटकायची. एकदा शेजारच्या मुलीनं विचारलं, मॅडम, काय आहे? धूळ, म्हटलं. तुम्हालाही असं कधी झालंय का, की दुसऱ्याच्या आठवणीची सावली आपल्या अंगावर पडावी? मला ती सावली आवडायची, खरं सांगते. तिच्याखाली गार वाटायचं.

आणि भाकरी. मला गव्हाचं सोसत नाही असं मी एकदा बोलता बोलता म्हटलं होतं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या ताटात एक ज्वारीची भाकरी यायला लागली, वाटीखाली झाकून. पीठ सुमनताईंच्या घरचं. कॅन्टीनच्या यादीत ती कुठंच नव्हती. मी एकदा म्हटलं, अहो कशाला त्रास. तर हसून म्हणाल्या, “आमच्या चिंचंखाली बसताय, पाव्हण्याच की तुमी.”

आता टिंबाचं सांगते.

आमच्या साहेबांचा एक नियम होता, तोंडी. लोकल नको. म्हणजे ज्या गावांच्या जमिनीवर कंपन्या उभ्या आहेत, त्या गावांची मुलं नकोत. लोकल पोरगा घेतला की युनियन आली, भाऊबंद आले, सुट्टीला जत्रा आली, आणि रागावलं तर संध्याकाळी गेटवर पन्नास माणसं. लांबचा पोरगा कसा, मुकाट्यानं ओव्हरटाइम करतो. हे साहेब एकटेच म्हणत नव्हते, चाकणचा सगळा कंपन्यांचा पट्टा म्हणत होता. कागदावर मात्र उलटं होतं. कागदावर स्थानिकांना प्राधान्य. म्हणून मी काय करायची — अर्जाबरोबरचं आधार कार्ड बघायची, आणि पत्ता जवळचा दिसला की अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं एक टिंब द्यायची. टिंबवाले अर्ज खालच्या ट्रेमध्ये. खालचा ट्रे कुणी उघडत नसे. वर्षानुवर्षं मी टिंबं दिली, आणि घरी जाऊन मेथीची भाजी निवडली.

मुलंही काही दुधखुळी नव्हती. त्यांना पत्त्याचं कोडं कधीच कळलं होतं. मग कुणी मामाच्या गावाला, कुणी भाडेकरूच्या गावाला जाऊन तिथल्या ग्रामपंचायतीचा दाखला आणायचा आणि कार्डावरचा पत्ता बदलायचा. स्वतःच्या घरापासून हाकेच्या अंतरावर नोकरी मिळावी म्हणून पोरगा कागदोपत्री लातूरचा व्हायचा. काही तर ‘काय करलालास’ असं बोलायची सवय करून यायचे. बाकी सगळं लातूरचं जमायचं, पण घाबरले की ‘न्हाई मॅडम’ तोंडातून निघून जायचं. आम्ही ऑफिसात हसायचो त्यावर. मीही हसायची.

सोमनाथनं तेच केलं. आयटीआयचा फिटर, एकवीस-बावीस वर्षांचा. भोसरीत एका वर्कशॉपमध्ये सहा महिने काम करून आलेला. त्यानं आपल्याच भाडेकरूच्या गावचा पत्ता टाकून अर्ज भरला आणि हे मला कळलं ते सुमनताईंकडून. ताटात भाकरी ठेवता ठेवता त्या खाली वाकून म्हणाल्या, “तुमास्नी म्हून सांगते मॅडम, ह्या कानाचं त्या कानाला नगं. पोराचं एवढं सांभाळून घ्या.”

मी म्हटलं, काळजी करू नका. मी आहे ना.

आहे ना! केवढ्या सहज म्हणतो आपण हे.

मी टिंब दिलं नाही. पत्ता तपासला अशी सही केली आणि अर्ज वरच्या ट्रेमध्ये ठेवला. इतकं मी केलं, आणि त्या दिवशी बसमध्ये मला फार छान झोप लागली.

फिटरच्या परीक्षेत लोखंडाचे दोन तुकडे देतात. कानशीनं घासून घासून ते असे करायचे की एक दुसऱ्यात अलगद बसला पाहिजे. पंचवीस-एक मुलं होती. संध्याकाळी परीक्षा घेणारे टूलरूमचे काका सोमनाथचा जोड घेऊन माझ्या टेबलाशी आले. रागीट माणूस, कुणाला चांगलं म्हणायचं तर त्यांच्या जिवावर यायचं. तो जोड त्यांनी ट्यूबलाइटसमोर धरला आणि म्हणाले, “बघा मॅडम, कुठनं उजेड दिसतो का.” मी बघितलं. कुठूनच दिसत नव्हता. दोन तुकडे आहेत हेच कळत नव्हतं. काका तो माझ्या टेबलावर ठेवून गेले आणि मी तो कागदांवर वजन म्हणून ठेवला.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला साहेबांनी बोलावलं. गेटवरच्या सिक्युरिटीनं सोमनाथला ओळखलं होतं. “मॅडम, ये जो पहला आया है, वो कैन्टीनवाली का लड़का तो नहीं?”

किती वेळ लागतो हो म्हणायला? हो सर, तिचाच आहे, आणि काम बघा त्याचं. तुकडा माझ्या टेबलावरच होता, आणून हातात दिला असता. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. कदाचित चिडले असते, कदाचित हसले असते. मला माहीत नाही, कारण मी ते करून बघितलंच नाही. मी म्हटलं, “मुझे पता नहीं सर, चेक करती हूँ.” ते म्हणाले, पहिला आलेल्याला नाकारायचं तर फाइलला काहीतरी पक्कं कारण लागेल, आजच बघा.

मी टेबलाशी येऊन बसले. लोकल आहे असं लिहिता येत नव्हतं. पत्ता खोटा आहे असं लिहावं, तर पत्ता तपासल्याची सही माझीच. मग काय लिहायचं? एसी घुमत होता. मला ती पानं दिसत होती, आजही दिसतात — सावकाश खाली येणारी, रकान्यांवर टेकणारी. मी ती हातानं बाजूला सारली आणि शेऱ्याच्या रकान्यात चार शब्द लिहिले.

पूर्वीच्या नोकरीत चोरीचा संशय.

भोसरीच्या त्या वर्कशॉपला मी फोन केलेला नव्हता. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. संशय कुणाचा? कुणाचाच नव्हता. त्या पोरानं तोवर कुणाच्या खिळ्यालाही हात लावलेला नव्हता. हे मी पूर्ण शुद्धीत, चांगल्या अक्षरात लिहिलं.

हे एवढ्यावर राहिलं असतं तरी — पण राहिलं नाही. आमच्या पट्ट्यातल्या एचआरवाल्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप होता. सुप्रभातचे गुलाब, लग्नाचे वाढदिवस, आणि शनिवारी ज्याच्या त्याच्या कंपनीनं नाकारलेल्यांची यादी, शेऱ्यासकट. आमची यादी टाकायचं काम माझंच. त्या शनिवारी मी सोमनाथचं नाव गाळू शकले असते. बोट एकदा दाबायचं, इतकंच होतं. पण मग साहेब त्या ग्रुपवर, त्यांच्या लक्षात आलं असतं तर? मी यादी टाकली. खाली हात जोडलेलं चित्रही टाकलं, नेहमीसारखं.

सुमनताईंना सांगितलं, मी खूप प्रयत्न केला हो, वरून नाही म्हणाले. त्यांनी माझ्या दंडाला हात लावला. “तुमी केलं, तेच लई झालं.”

सोमनाथला कधीच कळलं नाही काय झालं ते. आधी तो इस्त्रीचा शर्ट घालून, प्लास्टिकच्या फोल्डरात कागद घेऊन गेटामागून गेट फिरला. सगळीकडे तेच — परीक्षेत पहिला-दुसरा, दोन दिवसांनी ‘कळवतो’. नंतर शर्टाची इस्त्री गेली. मग फोल्डर गेला. मग तो आमच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर दिसायला लागला, त्याच्यासारख्याच चार-पाच जणांबरोबर. बस आत वळताना मला माझ्या खिडकीतून तो दिसायचा. मी झोपेत असल्यासारखे डोळे मिटून घ्यायची.

माझाही मुलगा त्याच वर्षी घरी बसून होता, हे सांगायला हवं. इंजिनिअर झाला आणि वर्षभर नोकरी नाही. दुपारी बारापर्यंत झोपायचा. त्याला कुणी टवाळ म्हणालं नाही. आमच्या सोसायटीत त्याला ‘गॅप’ म्हणतात. शेजारच्या काकू विचारायच्या, गॅप घेतलाय का? मी म्हणायची, हो, जरा घेतलाय.

मग एक दिवस चाकणच्या चौकात कुणा भाऊच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला. वर भाऊचा मोठा फोटो, गॉगल लावलेला, आणि खाली शुभेच्छुकांच्या ओळी. अगदी खालच्या ओळीत, अंगठ्याएवढा सोमनाथ. हा भाऊ कंपन्यांकडून भंगाराचे आणि लेबरचे ठेके मिळवायचा, आणि कसे मिळवायचा ते सगळ्यांना ठाऊक होतं. पुढच्या काही महिन्यांत सोमनाथ मला बिननंबरच्या बुलेटवर दिसला. अंगानं भरला होता. हसत होता. त्याला काम मिळालं होतं की.

मग एका गुरुवारी, पट्ट्याच्या सुट्टीच्या दिवशी भरदुपारी, एका बंद कारखान्यातून तांब्याची वायर नेताना चौघं पकडले गेले, त्यात सोमनाथ होता. आडवा आलेल्या वॉचमनला त्यांनी मारलं. नांदेडकडचा म्हातारा माणूस तो, त्याचा एक कान कायमचा गेला. हे मी जराही हलकं करत नाही. तो मार सोमनाथनं दिला, मी नाही. पण पेपरात त्याच्या नावापुढे जो शब्द छापून आला, तो मी आधी लिहिला होता. दीड वर्ष आधी.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पेपर समोर उघडा होता. “क्या नज़र है मॅडम आपकी! आपने तो तभी पकड़ लिया था.” चहा मागवला. आणि मी — मी थँक्यू म्हटलं. पुढे नव्या मुलींच्या ट्रेनिंगमध्ये साहेबांनी हे उदाहरण म्हणून ठेवलं, अर्जदाराची चौकशी का करावी याचं. ते सांगायला मलाच उभं करायचे. मी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा पहिल्यापेक्षा चांगलं जमलं.

एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवलीय. इतकी वर्षं मी स्वतःची समजूत घालत आले की सुमनताईंची नोकरी जाऊ नये म्हणून मी तसं लिहिलं. खोटा पत्ता उघडा पडला असता तर ठेकेदारानं त्यांनाही काढलं असतं, वगैरे. काढलं असतं की नाही, कोण जाणे. पण ते कारण नव्हतंच. त्याच आठवड्यात मी माझ्या मुलाचा बायोडाटा साहेबांच्या हातात दिला होता. माण गावातल्या एका आयटी कंपनीत त्यांचा मेहुणा मोठ्या जागेवर होता. बोलतो म्हणाले होते. त्या आठवड्यात साहेबांचं मन माझ्याविषयी जरासुद्धा गढूळ व्हायला नको होतं. बस, इतकंच. पुढच्या महिन्यात माझा मुलगा गळ्यात आयकार्ड घालून माणला जायला लागला. मी कॅन्टीनमध्ये पेढे दिले. सुमनताईंनी पेढा कपाळाला लावून खाल्ला.

केस अजून चालू आहे. जामिनावर सुटल्यावर सोमनाथ पुन्हा भाऊकडेच गेला. आता फ्लेक्सवर त्याचा फोटो वरच्या ओळीत असतो, चांगला मोठा, आणि खाली अंगठ्याएवढी नवी पोरं. रिटायर होताना मी टेबलावरचं माझं सामान आणलं, त्यात तो लोखंडी जोड आला. बाहेरून गंजलाय. परवा उजेडात धरून बघितला. अजूनही कुठून दिसत नाही.

आणि एवढं सांगितलं की झालं. अटकेनंतर आठवडाभरानं सुमनताई ऑफिसात आल्या. चेहरा सुकलेला, हाताला पीठ. दारातच उभ्या राहिल्या. “वकील म्हनला, कुनी शिकल्यालं मानूस दोन वळी लिवून दील, पोरगं पयल्यापासनं असं नव्हतं म्हून, तर जामिनाला बरं पडंल. तुमी वळखता की त्याला, मॅडम.”

कंपनीचा कागद त्यांनी मागितला नव्हता. शिक्का मागितला नव्हता. साध्या कागदावर दोन ओळी, आणि त्या खऱ्या होत्या. खोटे चार शब्द लिहायला मला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. मी खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघत होते, आणि त्या पुन्हा छताकडे बघत होत्या, फांद्या असाव्यात तिथं.

मी म्हटलं, “नियमात बसत नाही हो, सुमनताई.”

त्यांनी मान हलवली. “असू द्या. तवाबी तुमी लई खटपट केली व्हती त्याच्यासाठी. मी इसरले न्हाई.” आणि त्या पोळ्या लाटायला परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी जेवायला गेले. माझ्या ताटात वाटी पालथी घातलेली होती, आणि तिच्याखाली भाकरी होती. गरम होती. मी ती खाल्ली. त्यानंतर रिटायर होईपर्यंत रोज खाल्ली.